बंद कॉम्प्युटरवरची नोकरी

अंधशाळेतल्या बाईंना राग लवकर यायचा आणि आलेला राग सहज जायचा नाही. हातात काठी घेऊन रस्ता कसा ओलांडायचा, जिना कसा उतरायचा, गर्दीत बस कशी पकडायची, हे मुलांना शिकवणं त्यांचं काम. बाकीचे शिक्षक पाठीमागे त्यांना 'फटाकडी' म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. संध्याकाळी घरी आल्या की नवरा पाण्याचा पेला हातात देत विचारायचा, "आज कोणाची पाळी होती?"

रागाला कारण होतं. शाळेत असेपर्यंत मुलांचं कौतुक उतू जायचं. पाहुणे यायचे, गाणी ऐकायचे, डोळे पुसायचे. शेवटची परीक्षा झाली की तीच मुलं फाटकाबाहेर पडायची आणि घरी जाऊन खाटेवर बसायची. गणितात सगळ्यांच्या पुढे असलेला एक जुना विद्यार्थी बाईंना त्याच्या घरी भेटला. "हल्ली काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"घर राखतो," तो म्हणाला. "म्हणजे सगळे बाहेर पडले की मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात."

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या. शाळा संपल्यावर या मुलांच्या नोकरीचं कोण बघतं, असं त्यांनी विचारलं.

"ते आपलं काम नाही, बाई. आपण शिकवायचं."

"कशासाठी? कुलपाच्या आत बसायला?"

तेव्हापासून शाळा सुटली की बाई कचेऱ्यांचे जिने चढू लागल्या. बरोबर असायची टकळी, नुकतीच शाळा संपवलेली. हे नाव तिला वर्गानेच दिलेलं, कारण तिच्या तोंडाला कधी खळ नसायचा. जन्मापासून दिसत नव्हतं, पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा कॉम्प्युटर ती सफाईने चालवायची, आणि फोनवर तिचा आवाज ऐकला की चिडलेला माणूसही निवायचा. कचेऱ्यांमध्ये मात्र तिच्याशी कुणी बोलतच नसे. एका साहेबांनी तिच्यासमोर बाईंना विचारलं, "हिला बोलता येतं का?"

"बोलता येतं," टकळी म्हणाली. "थांबायचंच जमत नाही."

साहेब हसले आणि त्यांनी देणगीचा चेक काढला. बाईंनी तो टेबलावरून त्यांच्याकडे परत सरकवला. "आम्ही काम मागायला आलोय," त्या म्हणाल्या. जिना उतरताना त्यांची कानशिलं तापली होती.

अखेर एका विमा कंपनीने टकळीला ग्राहकांचे फोन घेण्यासाठी ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी पुष्पगुच्छ, टाळ्या, फोटो. मुख्याध्यापकांनी फोटोला चौकट करून तो शाळेच्या दारात लावला. टकळीचे वडील नव्हते. आईला आणि तिला मामाने सांभाळलेलं. मामाने गल्लीभर पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. बाईंनाही वाटलं, एक तरी मार्गी लागली.

काही महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी टकळी बाईंच्या घरी आली आणि गप्प बसून राहिली. तिला गप्प बसलेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"काम कसं चाललंय?"

"काम नाहीये, बाई. खुर्ची आहे."

मग एकेक बाहेर आलं. फोन जोडलेलाच नव्हता. कॉम्प्युटरवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं नव्हतं. मोठे पाहुणे आले की साहेब त्यांना तिच्या टेबलाशी आणत, "ही आमचीच मुलगी," म्हणत. एरवी कुणी चहा आणून देई, कुणी म्हणे, दमली असशील, लवकर जा घरी.

"मग दिवसभर करतेस काय?"

"टाइप करते. बंद कॉम्प्युटरवर. बोटांची सवय जाऊ नये म्हणून."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्या सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब गोड बोलणारे होते. "सॉफ्टवेअरची मंजुरी वरून यायचीय. आणि खरं सांगू, तिला त्रास नको म्हणून आम्हीच काम देत नाही. ग्राहक काय वाटेल ते बोलतात हो."

"बाकीच्यांना बोलत नाहीत?"

"त्यांचं वेगळं. पगार तर आम्ही वेळेवर देतो ना?"

"पगार तिला बसवून ठेवायला देताय. तुम्हाला माणूस नको होता, फोटो हवा होता."

साहेबांचा गोडवा तिथे आटला. त्यांनी मुख्याध्यापकांना फोन लावला. शाळेत परतल्यावर बाईंना ऐकून घ्यावं लागलं, की अशाने कंपन्या दारात उभं करणार नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं, बाहेर आल्या आणि तो चौकटीतला फोटो खिळ्यावरून उतरवून मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालथा ठेवला.

आठवड्याभरात टकळीने राजीनामा दिला. बाईंना न विचारता. मामा तणतणत शाळेत आला. "बसल्या जागी पगार मिळत होता, तर तुमच्या पोटात का दुखलं?" आई मागे उभी होती, पदराचं टोक पिळत. बाई भडकल्या त्या टकळीवरही. "आधी दुसरी बघायची, मग सोडायची, एवढी अक्कल नाही?"

"तुम्ही बसून बघा त्या खुर्चीवर," टकळी म्हणाली. "मग सांगा."



पुढचे दिवस वाईट गेले. मामा घरात बोलेना. बाई पुन्हा जिने चढत राहिल्या, आणि जिथे जातील तिथे त्यांचं नाव आधीच पोचलेलं असायचं. शेवटी एका इस्पितळाच्या फोनखोलीत जागा निघाली. तिथली मुख्य ऑपरेटर जाडजूड आवाजाची, कपाळाला कायम आठी. तिने बाईंकडे पाहिलंच नाही, थेट टकळीला म्हणाली, "डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. चुकलीस तर मी ओरडते. चालेल?"

"चालेल. पण कॉम्प्युटर बोलता हवा."

या वेळी बाई हटल्या नाहीत. कॉम्प्युटरवाला येऊन सॉफ्टवेअर घालेपर्यंत त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. उद्या करतो म्हणाला, तर म्हणाल्या, मी उद्यापर्यंत बसते. पडदा बोलू लागला तेव्हाच उठल्या.

महिन्याभराने त्या सहज डोकावायला गेल्या, तर फोनखोलीतला आवाज बाहेरपर्यंत येत होता. मुख्य ऑपरेटर टकळीला फाडून खात होती. एकाच डॉक्टरांकडे एकाच वेळी दोन पेशंट पाठवले होते. "डोकं कुठे असतं तुझं? ते म्हातारे बाहेर ताटकळतायत. वेळ त्यांच्या मुलाने घेतली होती, लाव त्याला फोन आणि तूच निस्तर."

बाईंचा हात दाराच्या कडीकडे गेला. आत टकळी म्हणत होती, "चूक माझीच. लावते." मग तिचा फोनवरचा आवाज, माफी मागणारा, पुढची वेळ ठरवणारा. शेजारची ऑपरेटर हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं, काल माझी पाळी होती."

बाईंनी कडी सोडून दिली आणि त्या तशाच परत फिरल्या.

त्या संध्याकाळी टकळीचा फोन आला. किती बोलते हो ती बाई, जीव खाते, माणसाने श्वास कधी घ्यायचा, असं ती एका दमात बडबडत राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग काम नीट करावं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांना रडू आवरेना. त्यातही राग होताच. एवढी साधी बोलणी खायला त्या पोरीला इतकं झगडावं लागलं होतं.