घुम्या आणि पहिल्या खंडाची पोती

घुम्याला तुम्ही काहीही सांगा आणि निर्धास्त झोपा. हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांची प्रेमप्रकरणं त्याच्या पोटात होती. एकाच मुलीवर जीव टाकणारे दोघे तर त्याच्याच कॉटवर बसून, वेगवेगळ्या वेळी, रडून जायचे. हा आपला "हूं, हूं" करायचा. मी त्याचा रूममेट. वर्षभरात त्याने आपणहून मला एकच गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे मी घोरतो.

बोलायचा नाही म्हणून घुम्या. आणि खोटं बोलणं तर त्याला बापजन्मात जमलं नाही. कॅन्टीनवाल्याने "चहा कसा झालाय?" असं विचारलं की हा कप खाली ठेवून स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचा. कॅन्टीनवाला काय समजायचं ते समजायचा.

इतिहासाच्या सरांना आम्ही 'पहिला खंड' म्हणायचो. त्यांनी उशीएवढा जाडजूड ग्रंथ लिहून पदरच्या पैशाने छापला होता आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'खंड पहिला' असं टाकलं होतं. दुसऱ्याची कोणी वाट बघत नव्हतं, कारण पहिलाच कोणी उघडला नव्हता. या सरांनी घुम्याला इतिहासात दोनदा नापास केलं होतं. आता तिसरी खेप, आणि तीच शेवटची. या वेळी पेपर हुकला असता तर कॉलेजचं दार कायमचं बंद. घुम्याचे वडील बसचे ड्रायव्हर. घरातला पहिला पदवीधर होणार म्हणून त्यांनी सगळ्या डेपोला आधीच सांगून ठेवलं होतं.

आता पुढची भानगड मला कळायला वेळ लागला, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? झालं असं, की सरांनी प्राचार्यांना थाप मारली: पहिला खंड हातोहात संपला, कॉलेजने दुसरा छापावा. प्राचार्य खूश झाले. म्हणाले, समिती घेऊन तुमच्या केबिनमध्येच येतो, तिथेच ठरवू. पण केबिनच्या एका कोपऱ्यात पहिला खंड जमिनीपासून छतापर्यंत रचलेला होता. त्यांनी घुम्याला गाठलं. "हे सगळं मागच्या गेटने रद्दीवाल्याकडे पोचव. कोणाला सांगायचं नाही. अगदी बापालासुद्धा नाही. कबूल?"

घुम्या म्हणाला, "हूं."

झालं. पोरगं संध्याकाळभर पोती ओढत होतं. मागच्या गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "काय आहे रे?" तर म्हणे, "सरांचं आहे, बोलायचं नाही."

आणि दुसऱ्या दिवसापासून सरच गायब! एकटे राहणारे गृहस्थ, फोन बंद, घराला कुलूप. खरं तर स्वारी दुसऱ्या गावी दातांची नवी कवळी बसवायला गेली होती. समितीपुढे बोळक्या तोंडाने कसं जायचं? पण हे सांगायची लाज वाटली म्हणून कोणालाच सांगितलं नव्हतं. इकडे दोन-तीन दिवसांत त्यांच्या बंद केबिनमधून वास सुटला. कुलूप तोडलं तर आत विसरलेला डबा, आणि डब्यात उकडलेली अंडी. आता कोणीही शहाणा माणूस "चला, सुटलो!" असं म्हणाला असता. पण आमच्या कॉलेजात शहाण्यांचा सुकाळ. अकाउंटचे सर म्हणाले, "डबा टाकून गेले म्हणजे स्वतःच्या पायाने गेले नसणार." तेवढ्यात वॉचमनला ती पोती आठवली. दुपारपर्यंत अख्खं कॉलेज घुम्याकडे बघून कुजबुजायला लागलं. मी तरी काय वेगळा? भाजी चिरायचा चाकू कपाटात टाकून कुलूप लावलं.

चौकशी समिती बसली: प्राचार्य, अकाउंटचे सर, ग्रंथपाल बाई, आणि वर्गप्रतिनिधी म्हणून मी, म्हणजे सगळ्यांना पाणी द्यायला.

"पोत्यात काय होतं?"

"सांगता येणार नाही."

"एकाच पोत्यात होतं?"

"एकात मावेना," घुम्या म्हणाला. खोटं बोलता येत नाही ना गाढवाला! "चार लागली."

ग्रंथपाल बाईंच्या हातातला ग्लास सुटला.

प्राचार्यांनी घाम पुसला. "जड होतं?"

"खूप. सरांचं म्हणजे जडच."

"आणि... आता कुठे आहे ते?"

घुम्याने बराच विचार केला. "आता सगळं एकत्र मिळायचं नाही, सर."

मी जागच्या जागी गार. प्राचार्य पोलिसांना फोन करायला रिसीव्हर उचलायचे आणि परत ठेवायचे. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजची अब्रू जायला नको. शेवटी म्हणाले, "तुझ्या वडिलांना बोलावतो. पोत्यांचा खुलासा कर, नाहीतर हॉलतिकीट विसर." त्या रात्री घुम्या जेवला नाही. मी म्हटलं, "अरे बाबा, काय असेल ते ओकून टाक की!" तर भिंतीकडे तोंड करून पडला. खांदे हलत होते. तेव्हा मला त्याची भीती वाटेनाशी झाली आणि फार वाईट वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा समिती बसली, आणि दारात साक्षात सर उभे! ग्रंथपाल बाई किंचाळल्याच. सर हसले, तर तोंडात चकचकीत दातांची रांग. सगळ्यांना हायसं वाटलं. मी तर घुम्याच्या पाठीत एक धपाटाच घातला. पण अकाउंटच्या सरांना चैन पडेल तर ना! "मग पोत्यात काय होतं?" ते म्हणाले. "खून नाही म्हणजे चोरी. सर, केबिनमधून तुमचं काही गेलंय?"

सरांनी घुम्याकडे पाहिलं. घुम्याने सरांकडे पाहिलं, अगदी आशेने. आणि सरांनी चक्क कानांवर हात ठेवले. "मला काही कल्पना नाही," असं ते म्हणाले असावेत. नव्या कवळीमुळे नुसतं फसफस ऐकू आलं. पण मान हलवलेली सगळ्यांना दिसली.

घुम्या चपलांकडे बघत राहिला. प्राचार्यांनी टेबलावरचं हॉलतिकीट उचललं आणि ड्रॉवर उघडला.

तेवढ्यात त्याचे वडील आले. खाकी गणवेश, कपाळावर घाम, गाडी अर्ध्यावर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आलेले. सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला विचारलं, "चोरी केलीस?"

"नाही."

"पोत्यात काय होतं?"

घुम्याचे डोळे भरले. पण तोंड उघडलं नाही.

"बरं," वडील म्हणाले. "साहेब, हा नाही म्हणतोय म्हणजे नाही. बाकीचं तो का सांगत नाही ते मला माहीत नाही." मग काय करावं ते न सुचून त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि मुलापुढे धरली. "खा. उपाशी दिसतोस."

घुम्या हात लावेना. पुडी टेबलावर राहिली. प्राचार्यांचा हात सवयीने तिकडे गेला, दोन दाणे तोंडात गेले, आणि कागदावर नजर गेली. पानाच्या माथ्यावर सरांचं नाव होतं. त्याच्याखाली, 'खंड पहिला'.

"ही कुठे मिळाली?"

"स्टँडवर. शेंगदाण्यांच्या सगळ्या हातगाड्यांवर हल्ली हाच कागद," वडील म्हणाले. "बरं लिहिलंय हो! वेढा पडलाय, किल्ल्यातलं पाणी संपत आलंय, आणि पान संपलं. पुढं काय झालं म्हणून मी आणखी एक पुडी घेतली."

सर खुर्चीतून अर्धे उठले होते. "मग?" त्यांनी विचारलं.

"त्यातही तेच पान निघालं. मग तेच परत वाचलं."

सरांनी हळूच तोंडात बोट घातलं, नवी कवळी काढली आणि रुमालात गुंडाळली. गाल आत गेले, नुकतंच मिळवलेलं सगळं रूप गेलं, पण शब्द स्वच्छ बाहेर पडले.

"पोती माझी. पुस्तक विकलं गेलं नव्हतं. मीच याला रद्दीत द्यायला सांगितलं, आणि कोणाला सांगू नकोस म्हणालो. हा पोरगा निर्दोष आहे. नालायक मी आहे." मग घुम्याच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "पाणी पुरलं नाही. पण शेवटच्या दिवशी पाऊस आला."

"वाटलंच मला," वडील म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू स्वतःच सुटले.

प्राचार्य काहीतरी कडक बोलणार होते, पण त्याआधी घुम्याने तोंड उघडलं.

"सर, आता सांगू?"

सरांनी मान डोलावली. घुम्या प्राचार्यांकडे वळला नाही, समितीकडेही नाही. वडिलांकडे वळला. "बाबा," म्हणाला, "पहिलं पोतं उचलतानाच माझी पाठ भरून आली होती..." आणि रडत रडत बोलतच सुटला. वॉचमन, वास, माझा कपाटात कोंडलेला चाकूसुद्धा, काही म्हणून सोडलं नाही. थांबायचं नावच घेईना. शेवटी प्राचार्यांनी हॉलतिकीट हळूच त्याच्या खिशात सरकवलं आणि आम्हा सगळ्यांना खुणेने बाहेर काढलं.