आकाशगंगेची धूळ आणि माझा गॉगल

चहाचा घोट आधी घशाखाली उतरू द्या, कारण हे ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझी अशी काही फजिती झालीये, की आमच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की त्याला कँटीन कुठंय ते सांगायच्या आधी हा किस्सा सांगतात! म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

तर मी काम करते धुळीवर. हसू नका! आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ असते, तिच्यावर. आई म्हणते, “धूळच बघायची होती तर एवढं शिकलीस कशाला? आधी माळ्यावरची काढ.”

या धुळीकडून येणारा प्रकाश थोडा पोलराइज्ड असतो. म्हणजे काय, की प्रकाशाच्या लाटा एरवी वाटेल त्या दिशेला हेलकावतात, इथे त्या एका दिशेला जरा जास्त हेलकावतात. आकाशाच्या कुठल्या भागातून असा प्रकाश किती येईल, ते गणिताने आधी सांगायचं, याला मॉडेल म्हणतात. मग दुर्बिणीने काढलेल्या खऱ्या नकाशाशी ते ताडून पाहायचं. झालं तुमचं शिक्षण.

आता बघा हं. आमच्या मोठ्या रिसर्च पेपरमध्ये धुळीचं एकच मॉडेल जाणार होतं. माझं, नाहीतर परदेशातल्या टीमचं. माझ्या गाइड सरांनी भांडून माझं पुढे केलेलं. त्या दिवशी चार वाजता ऑनलाइन मीटिंग, तिथे शिक्कामोर्तब. सर म्हणाले, “सगळं जुळतंय गं. सकाळी एकदा दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघ आणि मार्टाला ‘हो’ कळवून टाक.” मार्टा म्हणजे तिकडची खरा नकाशा बनवणारी बाई. माझा अख्खा थीसिस त्या एका ‘हो’वर टांगलेला!

आणि नेमके त्याच सकाळी आमचे आजोबा, अप्पा, माझ्या चष्म्यावर बसले.

“अप्पा! माझा चष्मा!”

“मंग सोफ्यावर ठिवतीस कशाला? सोफा बसायला हाय.”

वर “टोचला की मला!” म्हणून माझ्यावरच चिडले. आम्ही पिढीजात हडपसरचे, शेतं गेली पण आवाज तसाच राहिलाय.

माझा नंबर एवढा, की चष्मा नसला तर समोर माणूस आहे की कपाट, ते हात लावून बघावं लागतं. जादा चष्मा नाही. होता तो फक्त गाडी चालवताना घालायचा नंबरचा गॉगल. उन्हाची चमक डोळ्यांवर येऊ नये म्हणून पोलराइज्ड काचांचा, मुद्दाम मागून घेतलेला. थांबा, तुमच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. तुमच्या लक्षात आलं हो! माझ्या नाही आलं, हीच तर रड आहे.

तोच गॉगल घालून लॅबमध्ये गेले. शेजारच्या टेबलावर बसणारा इम्तियाज म्हणाला, “काय मॅडम, आज शूटिंग का?”

“तू तुझं काम कर.”

माझ्या टेबलावर एकसारखे दोन मॉनिटर. डावा नेहमीसारखा आडवा, उजवा मी पेपर वाचायला उभा फिरवून ठेवलेला. डावीकडे लावलं माझं मॉडेल, उजवीकडे मार्टाचा खरा नकाशा. आणि बघते तर काय! माझी धूळ झगझगीत आणि खरी धूळ मरगळलेली!

माझी पाचावर धारण बसली. म्हणजे खऱ्या आकाशातल्या प्रकाशापेक्षा माझं मॉडेल कितीतरी जास्त प्रकाश दाखवतंय! सरांनी इतकं भांडून पुढे केलेलं मॉडेल! उजव्या मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहिला. तरी नकाशा मंदच. म्हणजे मॉनिटरचा दोष नाही, मॉडेलचाच. काय पण तर्क!

शहाण्या माणसाने काय केलं असतं? दोन नकाशांची जागा बदलून पाहिली असती. मी काय केलं? पदर खोचला. कुडत्याला पदर नसतो, पण भावना समजून घ्या. म्हटलं, चारच्या आत हे जुळवून दाखवलं नाही तर नाव सुवर्णा नाही.

धुळीचे कण चुंबकीय क्षेत्रात रांगेत उभे राहतात, म्हणून तो प्रकाश पोलराइज्ड होतो. रांग विस्कटली की प्रकाशाचं पोलरायझेशन कमी. मग काय, विस्कटली रांग! शाळा सुटल्यावर पोरं पांगतात तशी आकाशगंगाभर धूळ पांगवली. जेवले नाही, उठले नाही. इम्तियाजने आणलेला चहा गार झाला.

कोपऱ्यात एक आकडा येत असतो, मॉडेल आणि नकाशा यांत फरक किती ते सांगणारा. सकाळी इवलासा होता. माझी दुरुस्ती वाढत गेली तसा तो फुगत चालला.

“आकडा काय म्हणतोय?” पलीकडून इम्तियाज.

“आकडा गंडलाय.”

“आणि तू?”

“मी स्वतःच्या डोळ्यांनी बघतेय!”

शेवटी मी तो आकडा दाखवणारी ओळच बंद करून टाकली. कटकट नको!

साडेतीनच्या सुमाराला जमलं. डावा, उजवा, दोन्ही पडदे हुबेहूब. इतका आनंद झाला मला, काय सांगू! त्या भरात सगळ्या टीमला मेल ठोकला. माझ्या मॉडेलमध्ये गंभीर चूक होती, ती मी शोधून सुधारली आहे, जुनं फेकून द्या. आणि हो, तुमचा तुलना करणारा प्रोग्रामही चुकतोय, कृपया तपासा.

दहा मिनिटांत सर दारात. सर मला एरवी ‘अगं’ म्हणतात. ‘अहो’ म्हणाले की आपलं काही खरं नाही.

“अहो सुवर्णाबाई, हे काय पाठवलंत?”

“सर, बघा ना, काय सुरेख जुळतंय!”

सरांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. “डावीकडे आकाशगंगा आहे की लोडशेडिंग?”

“काहीतरीच काय सर! दोन्ही सारखे तर दिसतायत.”

“कुणाला?”

“मला.”

तेव्हा सरांनी पडदे सोडून माझ्याकडे नीट पाहिलं. “जरा मान खांद्यावर टाका.”

“काय?”

“टाका हो.”

टाकली. डावा पडदा विझत गेला. उजवा लख्ख उजळला!

मॉनिटरचा प्रकाशही पोलराइज्ड असतो, बरं का. मॉनिटर उभा फिरवला की त्याची दिशाही फिरते. आणि माझ्या गॉगलच्या काचा एका दिशेचा प्रकाश येऊ देत होत्या, दुसऱ्या दिशेचा अडवत होत्या. अशा काचेलाच पोलरायझर म्हणतात. धूळ बिचारी सकाळपासून बरोबरच होती! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

“तुमचा विषय काय हो?” सरांनी विचारलं.

“पोलरायझेशन,” मी पुटपुटले.

“असं होय? मला वाटलं, भरतकाम.”

रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठे होता? चार वाजायला आले होते. म्हटलं, माती मीच खाल्ली, निस्तरणार पण मीच. मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी मीच बोलले. “माझा मेल विसरा. सकाळचंच मॉडेल बरोबर आहे. प्रकाशाच्या वाटेत चुकून एक जादा पोलरायझर राहिला होता.”

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. होतं असं, म्हणाले. आकडा परत तपासला, इवलासा! माझं मॉडेल पेपरमध्ये पक्कं झालं. माझ्या मागे उभ्या सरांनी केवढा सुस्कारा सोडला!

पण मार्टा पडली काटेकोर बाई. तिने अगदी कळकळीने विचारलं, “तो पोलरायझर आता काढून टाकलात ना?”

त्यांच्या सगळ्यांच्या पडद्यावर मी, काळाभोर गॉगल घालून बसलेली. तोवर त्यांना वाटत असणार, बाईंचे डोळे आलेत.

“नाही,” मी म्हटलं. “तो काढला तर तुम्ही कुणीच दिसत नाही.”