न वाजणारा डबा

कोजागिरीच्या सकाळी वरोरा-चंद्रपूर एस्टीत एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. मांडीवर डबा, दोन्ही अंगठे झाकणावर. पूर्वी भुलाबाईची गाणी संपली की आम्ही पोरी घरोघरचा डबा हलवून आतली खिरापत ओळखायचो. ते बंद पडून वर्षं झाली होती. तिने डबा माझ्या कानाशी हलवला.

"ओळख बरं बाई!"

डबा वाजेचना.

"लाडू?"

"नाई!"

कंडक्टर चिवडा म्हणाला, मागून कोणी पेढे.

"पोरी आता घरी येत नाई, म्हून मीच डबा घेऊन निंगली," म्हणत तिने डबा उंच धरला. "हारली! सारी एस्टी हारली!"

आत ओल्या फडक्यात गच्च बसवलेले तळ्यातले शिंगाडे होते. चंद्रपूर येईपर्यंत आम्ही हरलेले सगळे ते सोलत होतो.