निवडलेली वेल

आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं काही लिहिण्याचा माझा अधिकार नाही; चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण मेथीचा वास आला की अकोटचं आमचं अंगण आठवतं आणि जीव घाबरा होतो. अमरावतीच्या कॉलेजातल्या आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम, रुईच्या कुळाची नव्याने वर्गवारी करणाऱ्या एका संशोधकांना नमुने पाठवत होत्या. मेळघाटात मला त्या कुळातली एक वेल सापडली होती. बहर संपत आला होता, दुसरी फांदी मिळणार नव्हती, आणि तिचा गट फुलाच्या आतल्या रचनेवरूनच ठरणार होता. सुट्टीत मी तिची तोडलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून घरी आणली आणि ओले कागद बदलायचं आईला सांगून बाहेर गेलो. परतलो तर कागदात नुसती पानं. "फुलं काळी पडली होती बापू. मेथीसंगं तेही निवडून टाकली," आई म्हणाली. मी ती पानं हातात धरून रडायलाच लागलो. "कावून रडून राहिला? थांब, कचरा अजून सुपातच हाये." देठांच्या ढिगातून आम्ही दोघांनी फुलं वेचली. एकही धड वाटत नव्हतं. तीच पुडीत घालून नमुन्यासोबत पाठवली, आणि पुढे कितीतरी महिने मॅडम दिसल्या की मी वाट बदलायचो. नमुन्याचं काय झालं हे विचारायचं धाडस झालं नाही. काल त्यांचाच फोन आला. संशोधकांनी वाळलेली फुलं पाण्यात उकळून मऊ केली, उघडून आतली रचना पाहिली, वेल जुन्या गटातून काढून दुसऱ्या गटात ठेवली, आणि त्याला आधार म्हणून आमच्याच नमुन्याची नोंद छापली आहे.