नावाचा रिकामा रकाना

मुलगी झाली तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि माझी फाइल तयार होती. लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले, त्यांची शिक्के मारलेली जर्मन भाषांतरं, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी. दवाखान्याची बॅग बायकोने भरली होती, फाइल मी. कळा सुरू झाल्यावरही मी पाकिटं तपासत बसलेला पाहून ती म्हणाली, “मी जाते बाळंत व्हायला. तुझं झालं की ये.”

आम्ही जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गावात राहत होतो. मी गाड्यांच्या सुट्या भागांची चाचणी करणाऱ्या कंपनीत होतो, बायकोला अजून नोकरी मिळालेली नव्हती. माझे आईवडील गेलेले, तिच्या आईला गुडघ्यांमुळे विमानप्रवास झेपणारा नव्हता. बाळंतपणाला येणारं कुणी नव्हतं, म्हणून जन्मापासून दोन महिने मी घरी राहणार असं कंपनीला आधीच लिहून दिलं होतं. तिथे बापालाही ही रजा मिळते. कंपनी त्या काळात पगार देत नाही, सरकार पैसे देतं. त्याला एल्टर्नगेल्ड म्हणतात. अट एवढीच, की बापाने किमान दोन महिने घ्यायचे. त्याहून कमी घेतले तर त्याला काहीच मिळत नाही.

या पैशांसाठी मुलाचा जन्मदाखला लागतो. तो आणायला मी चौथ्या दिवशी फाइल घेऊन श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदवणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी पाकिटं एकामागून एक उघडली. “फार छान लावलंय,” म्हणाल्या. मी सुखावलो. मग त्या माझ्या जन्मदाखल्याच्या भाषांतरावर थांबल्या.

“यात तुमचं नाव नाही.”

मी वाकून पाहिलं. वडिलांचं नाव होतं, आईचं होतं, गाव, तारीख, लिंग, सगळं होतं. मुलाच्या नावापुढे भाषांतरकाराने एक आडवी रेघ मारली होती. मूळ मराठी दाखल्यात तिथे तीही नव्हती.

मी समजावू लागलो. आमच्याकडे मूल जन्मलं की घरातला पुरुष दोन-चार दिवसांत नगरपालिकेत जाऊन नोंद करून येतो. तेव्हा मुलाला नाव नसतं. ते बाराव्या दिवशी बारशाला ठेवतात आणि बापाची बहीण ते मुलाच्या कानात सांगते. मग फक्त नाव लिहायला परत कोण जाणार? शाळेत घालताना सांगितलं की झालं. पुढे दहावी, पदवी, पासपोर्ट सगळं शाळेच्या दाखल्यावर होतं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. “मग बारा दिवस मुलाला काय म्हणतात?”

“बाळ.”

“बाळ मी नोंदवू शकत नाही,” त्या म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. या दाखल्यातलं मूल मीच, हे त्यांना कागदावर हवं होतं. नाव घातलेला नवा दाखला आणा, नाहीतर जुना भारतात तपासायला पाठवू, त्याला कित्येक महिने लागतात. तोपर्यंत मुलीचा दाखला नाही.

एल्टर्नगेल्डच्या कचेरीत गेलो. तिथल्या तरुणाने अर्ज ठेवून घेतला. “आत्ताच दिलात हे बरं केलंत. उशीर झाला की मागचे थोडेच महिने देता येतात.”

“मग पैसे कधी?”

“जन्मदाखला आला की.”

कंपनीत साहेबांना विचारलं, रजा मोडून परत येऊ का? ते म्हणाले, “ये की, काम पडलंय. पण मग तुझे दोन महिने पूर्ण होणार नाहीत.” आणि दोन महिने पूर्ण नाहीत म्हणजे माझं एल्टर्नगेल्डही नाही. घरी राहिलो तर पगार नाही, कामावर गेलो तर सरकारचे पैसे नाहीत आणि सिझेरियनचे टाके घेऊन बायको एकटी. साठवलेलं होतं ते नवीन घराच्या डिपॉझिटमध्ये आणि स्वयंपाकघराच्या ओट्यात गेलं होतं. तिथे भाड्याचं घर ओट्याशिवायच मिळतं. तिघांनी काही दिवस भारतात जावं म्हटलं, तर मुलीला पासपोर्ट नाही आणि जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट निघत नाही. आम्ही दोन खोल्यांत होतो आणि सुटायच्या तिन्ही वाटांना एकच कुलूप होतं, तो दाखला.

मी याद्या करायला लागलो. काय विकत घ्यायचं नाही याची यादी, कोणता हप्ता पुढे ढकलता येईल याची यादी. दुपारी बाबागाडी घेऊन बाहेर पडायचो, कालव्याच्या कडेने पुलापर्यंत आणि परत. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, बापाची रजा एन्जॉय करताय ना? मी “गेनाऊ” म्हणायचो. म्हणजे अगदी बरोबर.

घरी आलो की बायको म्हणायची, “जरा बस तिच्याजवळ.” मी बसायचो आणि फोनवर नगरपालिकेचा नंबर लावायचो. एकदा ती चिडली. “तू घरी राहिलास तो तिच्यासाठी की त्या कागदासाठी?”

“कागद नसला तर पुढच्या महिन्यात घरी राहताच येणार नाही.”

“आत्ता तरी कुठे आहेस?”

तेवढ्यात नगरपालिकेतला फोन उचलला गेला. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावचा तो माणूस भला होता. इतक्या वर्षांनीही नाव चढवता येईल म्हणाला, पण आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र लागेल. ते नाहीत म्हटल्यावर त्याने विचारलं, “मग नाव कोणी ठेवलं, ते माणूस हयात आहे का?”

हयात होती. माझी आत्या. सत्तरी ओलांडलेली, त्याच गावात राहणारी. फोन केला तर आधी रागवून घेतलं.

“काहून रे, पोरगी झाली हे मले तिसऱ्याकडून कळते? अन् आता काम पडलं तं आत्या आठवली?”

“आत्या, तहसीलमध्ये जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं आहे. माझं नाव तू ठेवलंस म्हणून.”

“तं म्याच ठेवलं! तुह्या कानात म्याच सांगतलं. आता त्या साहेबाच्या कानात सांगू का?”

ती ऑटो करून तहसीलला गेली. एकदा साहेब नव्हते, एकदा वीज नव्हती, एकदा स्टॅम्प पेपर संपले होते. तिने प्रत्येक खेपेनंतर फोन केला आणि मी प्रत्येक खेपेनंतर यादीत एक हप्ता आणखी खाली ढकलला. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं. बारशाची तारीख विचारल्यावर तिने सांगितलं होतं, तारीख कोण ध्यानात ठेवते, तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली होती. लिहिणाऱ्याने ते तसंच लिहून घेतलं. नवा दाखला निघाला आणि प्रतिज्ञापत्राबरोबर कुरिअरने आला. भाषांतरकाराने दोन्ही कागद शब्दशः जर्मनमध्ये आणले.

श्टांडेसआम्टच्या बाईंनी नवा दाखला पाहिला, मग प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं. “ही लाकडी बैलांची गोष्ट काय आहे?”

मी सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैलांना दोरी बांधून घरोघरी फिरवतात, मोठी माणसं त्यांच्या हातावर पैसे ठेवतात.

“आणि तुमच्या आत्याच्या ते लक्षात आहे,” त्या म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या. मुलीच्या दाखल्याच्या प्रती निघाल्या. एकीवर छापलं होतं, फक्त एल्टर्नगेल्डसाठी. ती मी घरी जाताना त्या कचेरीच्या पेटीत टाकली.

रजेचा तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. पैसे आले ते मी कामावर परतल्यानंतर. पण त्या आठवड्यात मी फोन उशीखाली ठेवला आणि मुलीला छातीवर घेऊन झोपलो. दुपारी, भर उजेडात.

दाखला मिळाला त्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला होता. “झालं काम?”

“झालं.”

“पोरीचं नाव काय ठेवलं? नाही, जोरात सांगू नको. मले हळू सांग अन् फोन तिच्या कानाशी धर. तुले बहीण नाही, तं हे मीच करीन.”

मी हळू सांगितलं आणि फोन मुलीच्या कानाशी धरला. आतून कुर्र ऐकू आलं, मग नाव. मुलीने डोळे उघडले, जांभई दिली.

“ऐकलं तिनं?”

“ऐकलं.”

“मंग लिहून ठेव. कोणी सांगतलं, कोणत्या दिवशी. चाळीस वर्षांनी तिले साक्षीदार लागला तं मी नसीन.”

बायकोने माझ्यापुढे पेन केलं.