पयले चूक, मंग सवाल

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते आणि त्यांचा रिटर्न शेवटच्या पानावर होता. "ताई, काका गेले," सलीमभाई म्हणाले. "आज सकाळी. चहाचा कप हातातच होता." मी बरं म्हटलं, निघते म्हटलं. मग रिटर्न पाठवला, पोचपावती छापली, पोस्टमास्तरांच्या हातात दिली, झालं तुमचं काम असं सांगितलं आणि त्यांच्यामागोमाग शटर ओढून बाहेर पडले. जुलै महिना म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. हातातलं काम टाकून धावत सुटणारी बाई मी नाही. खरं सांगायचं तर वाटेत मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

काका म्हणजे दिगंबर नारखेडे, मलकापुरातले जुने कर सल्लागार. सीए नव्हेत, वकीलही नव्हेत. लोकांचे आयकराचे रिटर्न भरून देणारे, एका खोलीत, एका टेबलावर. असा एखादा माणूस प्रत्येक गावात असतो. मीही त्यांतलीच. आमच्या कामात वर साहेब नसतो आणि शेजारी सहकारी नसतो. शेजारी असतो तो आपलीच गिऱ्हाइकं ओढणारा दुसरा सल्लागार. अडलं तर त्याला विचारायचं कसं? विचारलं की त्याला कळलं, हिला हे येत नाही. मग कोणी कोणाला विचारत नाही, अंदाजाने भरतो आणि नोटीस येईपर्यंत देवाचं नाव घेतो.

काकांनी यावर शुक्रवारची बैठक काढली होती. स्टेशन रोडला बियाण्यांच्या दुकानावर त्यांची खोली. दुपारी चारला चहा. कोणीही यावं, काहीही विचारावं, पण एका अटीवर. प्रश्न विचारण्याआधी त्या आठवड्यात केलेली स्वतःची एक चूक सगळ्यांसमोर सांगायची. "पयले चूक, मंग सवाल," ते म्हणायचे. सुरुवात ते स्वतःपासून करत. आज दोन भावांच्या फायली अदलाबदल झाल्या, आज एकाच्या बँकेच्या खात्याचा आकडा चुकला. ते सांगत आणि कोणीतरी विचारी, "किती?" म्हणजे किती रिटर्नमध्ये ही चूक झाली. तीन म्हटलं की काका म्हणत, "बरं झालं, चार नाहीत," आणि कामाला लागत. चुकीवर याहून जास्त बोलायचं नाही, हाही नियमच होता.

प्रश्न तरी काय असायचे... शेतीचं उत्पन्न कुठे दाखवायचं, भाड्याच्या दुकानाला दोन बहिणी मालक असतील तर कोणी दाखवायचं. सगळ्यात जास्त कटकट ओटीपीची. रिटर्न पाठवला तरी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून तीस दिवसांत पडताळणी केली नाही तर तो वेळेत भरलेला धरलाच जात नाही. आणि मोबाइल असतो जावयाकडे. वरवट बकालचे सलीमभाई एकदा म्हणाले होते, "माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा ओटीपी सासरवाडीहून येतो." सुखाची गोष्ट म्हणजे खोलीच्या मागेच रेल्वे. मालगाडी आली की खिडक्या थरथरत आणि दोन-तीन मिनिटं कोणाला काही ऐकू येत नसे. बोलणारा वाक्याच्या मधोमध थांबे, चहा पिऊन घेई आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलू लागे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चाळिशीला टेकले होते. मलकापुरात नुकतंच दुकान थाटलं होतं. हात भरभर चालायचा आणि त्याची घमेंडही होती. काका मला 'मॅडम' म्हणायचे, आणि ते आदराने नव्हे हे मला कळायचं. कारण त्याच वर्षी एका खासगी शाळेतले एकोणीस शिक्षक त्यांना सोडून माझ्याकडे आले होते. काका हळू काम करतात, मॅडम बसल्या जागी करून देतात, असं त्या शिक्षकांचं म्हणणं. चुका सांगण्याचा प्रकार मला पोरखेळ वाटायचा. माझा नंबर येईल म्हणून मी एखादी किरकोळ चूक तयार ठेवायचे. पिन कोड चुकला, नावात एक अक्षर जास्त पडलं. काका ऐकून घेत आणि म्हणत, "मॅडमच्या चुकाबी कशा इस्त्री केलेल्या असतात."

डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी सलीमभाईंची पाळी होती. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या एका ग्रामसेवकाला मागच्या काही वर्षांच्या पगाराचा फरक एकदम मिळाला. असा फरक एकाच वर्षात हाती आला की कर जास्त बसतो. म्हणून तो ज्या त्या वर्षात वाटून कर काढायची सवलत आहे. सलीमभाईंनी रिटर्नमध्ये सवलत घेतली, पण तिच्यासाठी आधी दहा-ई नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, तो भरायचा राहिला. सवलत गेली, वर व्याजासकट कराची नोटीस आली. "किती?" कोणीतरी विचारलं. "एक," सलीमभाई म्हणाले. "बरं झालं, दोन नाहीत," काका म्हणाले.

माझा चहा तसाच राहिला. त्या शाळेतल्या एकोणीसही जणांना वरिष्ठ वेतनश्रेणीचा अकरा वर्षांचा फरक त्याच वर्षी मिळाला होता. एकोणीसही रिटर्नमध्ये मी ती सवलत घेतली होती. दहा-ई एकाचाही भरला नव्हता. मला तो फॉर्म माहीतच नव्हता.

आता सगळं माझ्यासमोर स्पष्ट होतं. सुधारित रिटर्न भरायला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत होती. ती चुकली की एकोणीस घरी नोटिसा जाणार आणि मलकापूरसारख्या गावात माझ्या दुकानाचं शटर पुन्हा उघडायची गरज उरणार नाही. शिवाय दहा-ई भरायला अकरा वर्षांचं, प्रत्येक वर्षाचं वेगळं उत्पन्न लागणार. अलीकडची वर्षं पोर्टलवर मिळाली असती, पण सुरुवातीचे रिटर्न कागदावर भरलेले. आणि ते कागद कुठे होते? माझ्या पाठीमागे, काकांच्या लोखंडी कपाटात.

माझा नंबर आला. तेवढ्यात मालगाडी आली. मी विचार केला, हीच वेळ. गाडीच्या आवाजात सगळं एका दमात बोलून टाकलं. म्हणजे नियमही पाळला गेला आणि कोणाला ऐकूही गेलं नाही. काका माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटचा डबा गेला. खिडक्या थांबल्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"हां. आता पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. "किती?" हे त्यांनीच विचारलं. "एकोणीस." ते एकोणीस कोणाचे होते हे सगळ्यांना माहीत होतं. काका जरा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसले.

"बरं झालं, वीस नाहीत."

आधी सलीमभाई हसले, मग सगळे, आणि मग मीही. हसू थांबल्यावर मी कपाटाकडे बघितलं. काकांनी मान हलवली. "फाईल तुही नाही अन् माही बी नाही. ज्याची त्याच्या हाती देईन, तो तुह्याकडे आणून देईन. पन त्यायले फोन तू करशीन. काऊन पाह्यजे, तेबी तूच सांगशीन, वैशाली." मॅडम गळून पडलं ते त्या दिवशी.

एकोणीस फोन करायला मला दोन दिवस लागले. चौदा जणांनी समजून घेतलं, चौघांनी तोंडसुख घेतलं. मुख्याध्यापक मात्र सगळ्यांना घेऊन काकांच्या खोलीवर धडकले. मी तिथेच होते. म्हणाले, "नारखेडे साहेब, चूक झाली आमची. तुम्ही हळू होता पण बरोबर होता. आमचं सगळं परत तुम्हीच घ्या." यापेक्षा सोपं काय होतं? काकांनी फक्त हो म्हणायचं होतं. एकोणीस गिऱ्हाइकं चालत परत आली होती.

काका कपाटातून फायली काढत होते, ते काढतच राहिले. "सर, मले एक सांगा. तुमच्या शाळेत आजपर्यंत कोन्या मास्तरनं पालकाच्या घरी फोन करून सांगतलं काय, का तुमच्या पोराचा पेपर म्या चुकीचा तपासला म्हून?" मागचे दोन शिक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. "या बाईनं एकोणीस फोन केले. नोटीस यायच्या आंधी केले. तुम्ही कुठं जाता ते तुमचं तुम्ही ठरवा, पन मी तं माहा रिटर्न तिलेच देल्ला असता." मग एकेक नाव पुकारून फायली वाटल्या, शाळेत हजेरी घेतात तशा.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या खोलीत जे चाललं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. बैठकीतल्या पाच जणांनी शिक्षकांच्या संमतीने फायली वाटून घेतल्या. सलीमभाई रोज वरवट बकालहून यायचे. दुसरबीडचे कायंदे यांना रोज येणं शक्य नव्हतं, ते व्हिडिओ कॉलवर असायचे, फोन बिस्किटाच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यातून त्यांचा आवाज, "अहो, सातव्या वर्षाचं व्याज दोनदा धरलंय तुम्ही, मला इथून दिसायलंय." कोणी एक पैसा घेतला नाही. मी विषय काढला तेव्हा काका म्हणाले, पुढच्या वेळी तू यांच्यातल्या कोणाची तरी अशीच फाईल घेशील, आणि ती वेळ लवकरच येईल, हे सगळे तुझ्यासारखेच आहेत.

तीस डिसेंबरला दुपारी एकोणिसावा रिटर्न गेला. फॉर्म आधी, रिटर्न नंतर, ओटीपी टाकून पडताळणीसह. काकांनी खालून गरम जिलेबी मागवली. पुढच्या काही महिन्यांत एकोणीसही जणांची सवलत मान्य झाल्याची पत्रं आली. एकही नोटीस नाही. अठरा शिक्षक आजही माझ्याकडे आहेत. एकोणिसावे मुख्याध्यापक, ते काकांकडे परत गेले आणि काकांनी त्यांना ठेवून घेतलं. "एक तं माह्या हक्काचा हाय," म्हणाले.

ती गोष्ट जिल्ह्यात फिरली. मला वाटलं होतं माझी बदनामी होईल. झालं उलटंच. माणसं चुका घेऊन शुक्रवारी येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या, मग जिन्यावर बसू लागली. लांबच्यांसाठी फोनवर गट झाला, आणि त्यातही नियम तोच. चूक न लिहिता प्रश्न टाकला की काका फक्त एक टिंब पाठवायचे, आणि माणूस समजून जायचा. आमच्या कोणाच्याही गिऱ्हाइकाला दहा-ई राहिला म्हणून त्यानंतर नोटीस आलेली नाही. मी हे ठामपणे लिहू शकते, कारण आली असती तर शुक्रवारी कळलं असतं.

काका गेल्यावरचे तीन शुक्रवार बैठक झाली नाही. मुदतीचे दिवस होते, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. चौथ्या शुक्रवारी त्यांच्या मुलीने खोली उघडून दिली आणि म्हणाली, बाबांनी भाडं वर्षाचं भरलेलं आहे, वापरा. चहा आला. सगळे आले, जिन्यापर्यंत. कायंदे या वेळी स्वतः आले होते, तरी बिस्किटाचा डबा कोणीतरी सवयीने टेबलाच्या मध्ये ठेवलाच होता. काकांची खुर्ची रिकामी ठेवायची का, यावर थोडी कुजबुज झाली. मी म्हटलं, खुर्च्या आधीच कमी आहेत, आणि सलीमभाईंना तिच्यावर बसवलं.

पण सुरुवात कोणी करायची? नेहमी काका करत. माणसं कपाकडे बघत बसली. माझ्याकडे एक चूक होती, आणि ती इस्त्री केलेली नव्हती. त्याच सकाळी मी जुलैची यादी तपासत होते. पोस्टमास्तरांच्या नावापुढे पडताळणी बाकी असं दिसत होतं. काका गेल्याची बातमी आली तेव्हा समोर होता तोच रिटर्न. पोचपावती मी छापली, हातात दिली, झालं तुमचं काम म्हणून सांगितलं, आणि ओटीपी टाकलाच नव्हता. तीस दिवसांतला पंचविसावा दिवस होता. मी फोन करून पोस्टमास्तरांना बोलावून घेतलं आणि ते काम पुरं केलं. पण इतक्या वर्षांत ओटीपी टाकायला मी कधी विसरले नव्हते...

मी बोलायला तोंड उघडलं आणि मालगाडी आली. लांबलचक होती. मी थांबले. शेवटचा डबा जाईपर्यंत, खिडक्या शांत होईपर्यंत थांबले, आणि मग सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं.

"किती?" काकांच्या खुर्चीतून सलीमभाईंनी विचारलं.

"एक."

"बरं झालं," जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, "दोन नाहीत."

"हां," सलीमभाई म्हणाले. "आता सवाल."

मी वही उघडली. प्रश्न तीन होते.