खिशातला कांदा

आज बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवला. त्या उग्र, कोरड्या वासाने काही वर्षांपूर्वीची ट्रायथलॉन डोळ्यांसमोर आली.

तलावात पोहून झालं होतं, हिंगणा रोडवर सायकलही जोरात पळाली होती. आता धावणं तेवढं उरलं होतं, आणि मनगटावरचं घड्याळ सांगत होतं की आज मी माझीच जुनी वेळ मोडणार. मांड्या पेटल्या होत्या, ओठांवर घामाचं मीठ साचलं होतं. शेवटच्या वळणावर बाबा उभे दिसले. मला पोहायला शिकवलं ते त्यांनीच. त्यांनी खिशातला कांदा काढून माझ्यापुढे धरला.

"एवढ्या उन्हात काहून पळून राहिली वं? ठेव हा जवळ, ऊन लागन तुले. कोणाची पोरगी होय तू?"

आजूबाजूचे हसले. बाबा पहिल्यापासून चेष्टेखोर. मीही हसले, कांदा घेतला आणि धावता धावता म्हणाले, "तुमचीच, बाबा."

वेळ मोडली. तो किस्सा पुढे आम्ही घरी कितीदा रंगवून सांगितला. बाबा तेवढे हसायचे नाहीत. त्यांनी तेव्हा खरंच विचारलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आज ऑटोत बसल्यावर त्यांनी कांदा माझ्या हातात दिला आणि पुन्हा तेच विचारलं. मी त्यांचंच नाव सांगितलं, "वामनरावांची."

"हो काय," बाबा खूश झाले. "ओळखतो मी त्याले."